एकट्यानं लोटायची गाडी

आमच्या हिवरखेडला श्रावणभाऊंचं वेल्डिंगचं दुकान आमच्या भिंतीला लागूनच आहे. माझी पोथी सुरू असली की ते ग्राइंडर बंद ठेवतात. गेल्या उन्हाळ्यात त्यांची बायको दुर्गाबाई गेली. तेव्हापासून पोथी संपली तरी ग्राइंडर सुरू होत नसे.

गणपती उठले आणि त्यांनी एक गाडी करायला घेतली. आमच्या पांदणीत, म्हणजे शेताच्या वाटेत, पाऊस थांबला तरी काळी माती पाय सोडत नाही. ट्रॅक्टरांनी दोन्ही चाकोऱ्या पार खोल केल्या, मध्ये तेवढा गवताचा पट्टा राहतो. ज्यांच्याकडे बैल नाहीत आणि ज्यांच्या एका गाठोड्यासाठी ट्रॅक्टरवाला येत नाही, त्यांचा कापूस डोक्यावरच येतो. त्या पट्ट्यावरून चालेल अशी गाडी भाऊंनी मोटरसायकलच्या जुन्या चाकावर उभी केली. चाक एकच. पुढं ओढायला एक दांडा, मागं लोटायला दोन दांडे.

पहिली गाडी पार्वताबाईंची. नवरा वारला, लेक सासरी. नाल्यापलीकडचं शेत त्या एकट्याच करतात. मी हळदकुंकू घेऊन गेले. नारळ फोडायच्या आधी त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली.

"भाऊ, ही तं जोड्यानं पूजेले बसाची गाडी झाली. मी पुढून वढीन, मंग मांगून कोन धरन?"

जमलेले हसले. भाऊ म्हणाले, "मले ते सुचलंच नाही, बाई."

मला नंतर सांगत होते, लग्न झाल्यापासून काहीही न्यायचं असो, ते पुढं आणि दुर्गाबाई मागं. दांडे जोडताना हात आपसूक तसेच गेले.

गाडी परत दुकानात आली. चाक ओझ्याच्या खाली सरकवलं, मागच्या दांड्यांना खांद्यावरून घ्यायचा पट्टा लावला. माती भरून एकटेच लोटायचे. गाडी कलंडायची, की पुन्हा माती भरायची. मी ह्यांना धरायला पाठवलं, तर भाऊंनी हात लावू दिला नाही. "धरू नका. धराले कोनी नसन, तवाच समजते."

शेवटी पुढचा दांडा कापून टाकला. ती त्यांचीच जागा होती.

आज सकाळी नारळ फोडून पार्वताबाई खताचं पोतं घालून निघाल्या. भाऊ मागोमाग गेले, त्यांच्यामागं मीही. पांदणीच्या तोंडाशी गाडी एका अंगाला झुकली, तसे भाऊंचे हात पुढं झाले. पण बाईंनी खांदा उचलला आणि गाडी सरळ झाली.

"जा भाऊ आता तुमी," त्या चालता चालताच म्हणाल्या. वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर गाडी कलंडली असती.

वळणापर्यंत त्या दिसत होत्या. दिसेनाशा झाल्या तरी भाऊ तिथंच उभे. मी त्यांच्यासाठी खोबऱ्याचा प्रसाद घेऊन थांबले, मग तो दुकानाच्या पायरीवर झाकून ठेवला आणि घरात आले.