उसाच्या मळ्यातली नावं

खोकं उघडलं की चाचा पुस्तक उलटं धरून मला हाक मारायचे, “बाय, ह्यात कामकरी माणूस हाय काय गो? नसंल तर वाचू नको.”

दुबईच्या जबल अली बंदरातल्या आमच्या गोदामात अमेरिकेवरची नवी अभ्यासाची पुस्तकं येतात. तिथला इतिहास, समाज, चालीरीती. ती इथल्या विद्यापीठांना पुरवायची. मी बिलं करायची, चाचा खोकी बांधायचे. दापोलीकडचे, साठीला टेकलेले, इंग्रजीचा गंध नाही. चहाच्या सुट्टीत मी पुस्तकाच्या पाठीवरचा मजकूर त्यांना मराठीत सांगायची. पुस्तक एखाद्या राष्ट्राध्यक्षावर असलं की ते अर्धा चहा टाकून उठायचे. “त्याला वाचायला त्याची माणसं हायत!”

आखातातला मजूर म्हणजे खाली मान घालून ‘यस सर’ म्हणणारा, असं तुम्हाला वाटत असेल तर चाचांना तुम्ही पाहायला हवं होतं. एकदा गुलामांवरच्या जाडजूड पुस्तकात मी शोध शोध शोधलं, पण एकाही गुलामाचं नाव सापडलं नाही. लिहिणाऱ्या प्राध्यापकाचा चाचांनी असा उद्धार केला की फोर्कलिफ्टवाला पठाण गाडी थांबवून ऐकत बसला. भाषा कळत नसूनही खूश झाला.

मग गेल्या वर्षी ते पुस्तक आलं. हिंदुस्थानातून जहाजानं वेस्ट इंडिजच्या उसाच्या मळ्यांवर नेलेल्या मजुरांचं. चाचांना तो मुलूख फक्त क्रिकेटमुळे माहीत. शेवटी बारीक अक्षरात मजुरांच्या नावांची यादी होती, पानंच्या पानं. एका प्रतीचा कोपरा दबला होता, ती आम्ही वाचायला बाजूला काढली होती.

“आपल्याकडचा कोण हाय?”

“दिसत नाही, चाचा. बहुतेक बिहारकडचे.”

“असूंदे. वाच.”

रोज चहाला एक पान. रामदीन, अब्दुल करीम, सुखिया, रहीमन. प्रत्येक पान संपलं की चाचा हात पसरून दुवा मागायचे. मी एकदा म्हटलं, यात हिंदूच जास्त आहेत. ते भडकले. “जहाजात काय येगळे बसवले व्हते?”

यादी अर्धी झाली आणि विद्यापीठानं ऑर्डर रद्द केली. चाळीस प्रती गोदामातच पडून, कोपरा दबलेली धरून. परत पाठवायचा खर्च परवडेना, म्हणून प्रकाशकानं कळवलं की पुस्तकं नष्ट करा, फोटो पाठवा. तो कागद मी टाइप केला आणि चाचांच्या हातात मीच दिला.

चाचांनी कागद कापायच्या मशीनला हात लावला नाही. नावांत अल्लाचं नाव आहे, ते कागद कापत नाहीत, जमिनीत पुरतात, एवढंच त्यांचं म्हणणं. “याद्यांची पानं मला द्या. बाकी सगळं कापतो.”

मॅनेजर पुण्याचे. आपलेच, म्हणून जास्त चीड येते. “चाचा, इमोशनल होऊ नका. प्रोसेस आहे. फोटोत सगळी पानं कापलेली दिसली पाहिजेत. यल्ला, चला, खलास करा.”

“नाय करणार, साहेब.”

“मग व्हिसा रिन्यू होणार नाही. समजतंय ना?”

“समजतंय.”

नुसती यादीची पानं! त्या पानांनी कुणाचं काय बिघडणार होतं? मी तिथंच उभी होते. मला बोलता आलं असतं. अल बर्शातल्या घराचं भाडं, मुलाची शाळा, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढे आलं आणि मी तोंड शिवून घेतलं. मॅनेजरचा राग मला आजही येतो, पण त्याच्या दुप्पट माझा येतो.

प्रती दुसऱ्या माणसानं कापल्या. फोटो मी पाठवले.

महिन्याअखेरीस चाचा निघाले. दारापाशी खोक्यावर बसून बूट घालत होते, बाहेर कंपनीची बस उभी होती. तेवढ्यात ऑफिसातून फोन आला. “मॅम, लेटर बना रही हूँ. वो चाचा का फुल नेम क्या है?”

आठ वर्षं त्यांच्याबरोबर चहा प्यायले होते. मेलेल्या, परक्या माणसांची नावं त्यांना मोठ्यानं वाचून दाखवली होती. त्यांचं नाव मला माहीत नव्हतं; हजेरीच्या कागदावर नुसता नंबर असायचा. ते दहा पावलांवर होते, आणि जाऊन विचारायची मला लाज वाटली.

“नाव नाही माहीत,” मी म्हटलं. “एम्प्लॉयी नंबर लिहून घ्या.”