महादेवकाकांनी फिरवलेली चकती

बोर्डीच्या महादेव सावे यांना कुणी आकाशातलं काही विचारलं, की माणूस फुलून यायचा. पोस्टातून निवृत्त झाल्यावर त्यांनी साडेचार इंची आरशाची दुर्बीण घेतली आणि घरामागच्या चिकूच्या वाडीत, विहिरीजवळच्या मोकळ्या जागेत मांडली. तेव्हापासून घरी येणाऱ्याची सुटका नव्हती. चहा नंतर, आधी चंद्र! नर्मदाकाकू वैतागून म्हणायच्या, "अहो, त्यांना आधी टेकू तरी द्या." पण काका कसले ऐकतात!

खरी गोडी मात्र एकीलाच लागली होती. वाडीत चिकू काढायला येणाऱ्या चिमीची मुलगी शितल, तलासरीकडच्या पाड्यावरची, नववीतली. हंगामात चिमी वाडीतल्या खोलीत राहायची. शनिवारी शितल आईकडे यायची आणि अंधार पडला की दुर्बिणीला डोळा लावायची. दिसेल ते वहीत काढायची, खाली तारीख, वेळ. चंद्रावरचे खड्डे काय, कृत्तिकांचा पुंजका काय, पानंच्या पानं भरली होती. "दिसलं तेवढंच काढायचं, पोरी," काका बजावायचे. "एक तारा जास्त नको, एक कमी नको." डिसेंबरात शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात हीच वही मांडायचं ठरलं. निवड झाली असती, तर वही घेऊन ती जिल्ह्याला गेली असती.

आता झालं काय, दोन हजार पंचवीसच्या नोव्हेंबरात काकांनी वाणगावच्या व्याह्यांना, नविनभाऊंना, मोठ्या तोऱ्यात आवतण दिलं. "या, शनीचं कडं दाखवतो." नविनभाऊंना साडेसाती चालू. ते शनिवारी संध्याकाळी इको गाडी भरून माणसं घेऊन आले. काकांनी शनी लावला आणि डोळा लावून बघितलं. कडं गायब! इवलासा गोळा आणि त्याला आरपार एक बारीक रेघ.

तसं त्यात काही बिघडलेलं नव्हतं. दर पंधराएक वर्षांनी शनीचं कडं आपल्याला आडव्या धरलेल्या कागदाच्या कडेसारखं दिसतं, त्या साली ते तसंच होतं. काकांनी कुठंतरी वाचलंही होतं, पण आवतणाच्या गडबडीत ध्यानातून गेलं. एवढंच सांगायचं होतं हो! पण नविनभाऊ दुर्बिणीवरून डोळा काढत म्हणाले, "व्याही, यात कडं कुठंय? गोळीत खुपसलेली टाचणी दाखवायला एवढ्या लांब बोलावलंत?" सगळे खो खो हसले.

काकांचा चेहरा पडला. "थांबा, नीट लावतो," म्हणत त्यांनी फोकसची चकती मुद्दाम उलटी फिरवली. या दुर्बिणीचा फोकस घालवला, की कुठलाही चमकता ठिपका फुगतो आणि मधे काळं भोक पडून त्याची चकचकीत बांगडी होते. हे काकांना पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होतं. "आता बघा!" नविनभाऊंनी चपला काढल्या, बघितलं आणि हात जोडले. मग रांगच लागली. शनिमहाराजांच्या नजरेला नजर द्यायची कशी, म्हणून एक आजीबाई तर तिरक्या उभ्या राहून बघत होत्या.

हसण्याच्या गोंधळात डोळा लावून रेघ काढलेली वही घेऊन शितल पुढं आली. "काका, मघाशी रेघ होती. हे फोकस गेल्यावर दिसतं तसं दिसतंय."

"तुला काय कळतं गं?" काका सगळ्यांदेखत खेकसले. "चार दिवस डोळा लावला म्हणजे शास्त्रज्ञ झालीस का? नजर धड नाही तुझी. खोड ती रेघ आणि कडं काढ!"

तिनं रेघ खोडली. बांगडी काढली.

उद्या सांगू तिला, असं काकांनी ठरवलं. उद्याचा परवा झाला, पुढचा शनिवारही तसाच गेला. सांगितलं तर गोष्ट व्याह्यांच्या कानावर जाणार, ही धास्ती!

प्रदर्शनाला काका पाहुणे म्हणून गेले. परीक्षक बाहेरगावचे, जाणकार. वही चाळताना ते शनीपाशी थांबले. "यंदा कडं असं दिसूच शकत नाही. हे तू स्वतः पाहिलंस?"

"हो, सर."

"खोटं बोलू नकोस, बाळ. मग बाकीची चित्रंही अशीच का?"

शितलनं पाहुण्यांच्या खुर्चीकडं पाहिलं. एकदाच. उठून 'चूक माझी' एवढंच म्हणायचं होतं. आणि हे गृहस्थ काय करत होते? स्वागताचं गुलाबाचं फूल हुंगत होते! लाज वाटत नव्हती असं नाही, मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण बूड काही खुर्चीवरून हललं नाही. परीक्षकांनी वही मिटली आणि पुढच्या टेबलाकडं गेले.

त्यानंतर शितल वाडीत आली नाही. तीन शनिवार काकांनी चिमीची नजर चुकवली. चौथ्या वेळी चिमीच चिकूची पाटी खाली ठेवत म्हणाली, "शेठ, पोरगी रडत पण नाय. रडली असती तर बरं झालं असतं."

काकांनी नविनभाऊंना फोन करून खरं काय ते सांगितलं आणि त्यांचं सगळं बोलणं मुकाट ऐकून घेतलं. शाळेत जाऊन लेखी कबुली दिली. हेडमास्तर म्हणाले, "आता उपयोग काय? निवड होऊन गेली." मग दुर्बीण रिक्षात आडवी घालून काका संध्याकाळी पाड्यावर गेले.

अंगणात चिमी होती, शेजारची चार माणसं होती. काका उभ्या उभ्याच बोलले. "शितल, तुझी रेघ खरी होती. खोटं मी दाखवलं, आणि खोटी तुला ठरू दिली. मला लाज वाटते, पोरी."

"बरं," शितल म्हणाली.

काकांनी पश्चिमेकडचा शनी लावला, फोकस अगदी नेमका केला आणि बाजूला झाले. शितलनं डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"काय दिसतं?" काकांनी विचारलं.

डोळा न काढताच ती हळूच म्हणाली, "काका, काय दिसायला पाहिजे ते तुम्हीच सांगा ना."