मुस्तौफींची वही

मुस्तौफी रोज सकाळी डबीत उरलेल्या रक्त पातळ करायच्या गोळ्या मोजून वहीत लिहीत, आणि ते लिहिलेलं घरात कुणालाही वाचता येत नसे. पोटच्या पोरीलासुद्धा नाही. ओटाहुहू उपनगरातल्या आमच्या फार्मसीत ते दर शुक्रवारी ती कळकट वही छातीशी धरून येत. मी मेली जन्माची काळजीखोर. म्हटलं, अहो, उद्या तुम्हाला काही झालं तर आम्हाला कळायचं कसं?

"कळू नये म्हणूनच असं लिहितात, खानुम," ते म्हणाले. खानुम म्हणजे त्यांच्या भाषेत बाईसाहेब.

त्यांचे पणजोबा इराणच्या शहाच्या दरबारात मुस्तौफी होते. आपल्याकडचे फडणीस म्हणा ना. महसुलाचा हिशेब ते आकड्यांत नाही, सियाक नावाच्या खुणांत लिहीत आणि वह्या स्वतःच्या घरी ठेवत. बाप मुलाला शिकवणार, बाकी कुणाला नाही. मग शहा कितीही रागावला तरी मुस्तौफीला काढणार कसा? वसूल किती, बाकी किती, हे दुसरं कोण सांगणार? म्हातारा हे इतकं रंगून सांगायचा की आम्ही त्यांचं नावच मुस्तौफी पाडलं.

मी वर्षभर त्यांचं डोकं खाल्लं, तेव्हा कुठे एका पावतीच्या पाठीवर त्यांनी मला एक ते वीस खुणा काढून दिल्या. सात, आठ आणि नऊ मला सारखेच दिसत. "दरबारात एवढ्यावर मान गेली असती," म्हणाले. आणखी एक शिकवलं: शिल्लक बदलली नाही, तरी रोजची नोंद चुकवायची नाही.

पुढे आतड्याच्या तपासणीआधी डॉक्टरांनी त्यांना रक्त पातळ करायची गोळी तीन दिवस बंद ठेवायला सांगितली. डॉक्टरांना "बघू" म्हणाले आणि मला विचारायला आले. मी म्हटलं, बंद म्हणजे बंद. हा माणूस कुणाचं ऐकेल तर शपथ!

तपासणीच्या दिवशी सकाळी त्यांच्या मुलीचा, शिरीनचा फोन आला. तिच्या डोळ्यांदेखत बाबा खुर्चीतून कोसळले होते. उजवी बाजू गेलेली, वाचा बंद. हॉस्पिटलात डॉक्टर विचारत होते, गोळी खरंच बंद होती का? बंद असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लगेच देता येईल. चालू असेल तर त्याच इंजेक्शनने डोक्यात रक्तस्राव होऊन माणूस जाईल. वही आणि डबी तिने सोबत नेली होती; तिने वहीच्या पानाचा फोटो पाठवला.

त्यांनी दिलेली पावती मी फोटोशेजारी धरली. अकरा दिसले, दहा दिसले. त्याखाली तीन खुणा, एकाच वळणाच्या. नऊ, आठ, सात, की तिन्ही नऊच? देवा, आत्ताच का? शिरीनला डबीतल्या गोळ्या मोजायला लावल्या. नऊ. म्हणजे नऊ, नऊ, नऊ. तीन दिवस शिल्लक हललीच नव्हती.

"बंद होती," मी सांगितलं. मग मागच्या खोलीत जाऊन खाली बसले. त्यांनी माझं ऐकलं होतं. ऐकलं म्हणूनच गुठळी झाली असणार, हे काय मला कुणी समजावून सांगायला हवं होतं?

आठवड्याने वॉर्डात गेले. इंजेक्शनने जीव वाचला होता, त्यांचे शब्द थोडे परतले होते. उजवा हात चादरीवर तसाच पडला होता. मी रडतच म्हटलं, मी सांगितलं म्हणून तुम्ही गोळी सोडलीत.

ते बराच वेळ शब्द जुळवत राहिले. "मुस्तौफी हुकूम पाळतो, खानुम. चूक... शहाची."

अर्धंच तोंड हललं. हसले की नाही, कळलं नाही. पुढच्या महिन्यात शिरीन त्यांना क्राइस्टचर्चला आपल्या भावाकडे घेऊन गेली, आणि शहा म्हणजे डॉक्टर की मी, हे विचारायचं राहूनच गेलं. डॉक्टर म्हणाले, तुमची काही चूक नाही, सल्ला बरोबरच होता. असेल. आता कुणाची ती गोळी बंद ठेवली की मी त्या घरी रोज फोन करते. लोक वैतागतात. वैतागू देत.