रामण्णाची बिगी

"स्वल्प बिगी," रामण्णा मिस्त्री म्हणाला, आणि मी पाना भराभर फिरवू लागलो.

मंडळी, ही आज दुपारची, यशवंतपूरच्या गॅरेजमधली गोष्ट. माझ्या गाडीचं इंजिन उघडलंय. रविवारी वडिलांना बेळगावला न्यायचंय, त्यांना बस सोसत नाही. क्रँकशाफ्ट ज्यांत फिरतो ती मेन बेअरिंगं मीच निवडून आणली होती. बोल्टही मीच आवळत होतो.

"बिगी, स्वामी, बिगी."

मी आणखी घाई केली. शाफ्ट जागचा हलेना.

रामण्णाने पाना काढून घेतला आणि मूठ घट्ट मिटून दाखवली. त्याच्या कानडीत बिगी म्हणजे घट्ट. आमच्या घरी बिगीबिगी म्हणजे लवकर. फार घट्ट होतंय म्हणून तो मला थांबवत होता.

बेअरिंग काढलं. आतल्या बाजूला घासल्याची चकाकी होती. मी चुकीचं माप आणलं, की जास्त आवळलं? "गोत्तिल्ला, ठाऊक नाही," रामण्णा म्हणाला. 

इतकी वर्षं इथले कानडी शेजारी मला बिगी म्हणाले, तेव्हा मी काय काय आवळून ठेवलं असेल? तुमचंही असं होतं का?

ता. क. (दुसऱ्या दिवशी) आज सकाळी रामण्णाने दुसऱ्या मापाची बेअरिंगं बसवली. शाफ्ट हाताने फिरला. बोल्ट त्यानेच आवळले.