सरांची अमेरिका

उजव्या हाताची तीन बोटं फाकवून सर ती समोरच्याच्या डोळ्यांपुढे धरायचे. "ही तीन येगळी ऱ्हाऊ द्या. मूठ झाली की ती कुनाच्या तरी नाकावर बसतीच."

तुमच्याही गल्लीत असं कुणीतरी असेल, ज्याला लांबून बघितलं की घाईतली माणसं रस्ता बदलतात. राहुरीच्या आमच्या कॉलनीत हे सर होते. मूळचे जामखेडकडचे. जन्मभर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर वर्ग उरला नाही, म्हणून दूध केंद्रावरच्या रांगेला शिकवायला लागले. अमेरिकेत कायदा करणारी काँग्रेस वेगळी, राबवणारे वेगळे, न्याय देणारे वेगळे.

"तिथंबी काँग्रेसच व्हय?" दूधवाला विचारायचा.

"ती पार्टी न्हाई, बाबा. त्यांची संसद."

सत्तेची ही वाटणी ज्या फ्रेंच विचारवंतानं मांडली, त्याचं नाव आमच्या जिभेला झेपेना, म्हणून सरांनी त्याला 'फ्रान्सचे पावणे' करून टाकलं. लोकांच्या संमतीशिवाय राज्य नाही म्हणणारे ते 'इंग्लंडचे पावणे'. नव्या माणसाला वाटायचं, सरांचे नातेवाईक लई लांबवर पसरलेत.

कॉलनीचे चेअरमन मात्र नियमही करायचे आणि शिक्षाही द्यायचे. एकदा त्यांनी शिवणकाम करणाऱ्या एका भाडेकरू बाईंचं नळ कनेक्शन तोडलं. अंगणात पाणी सांडलं, एवढंच कारण. वार्षिक सभेत सर उठले.

"नियम तुमी केला, नळ तुमीच तोडला, आन तक्रारबी तुमीच ऐकनार? मग त्या बाईनं जायचं कुठं?"

"सर, ही कॉलनी हाय, अमेरिका न्हाई."

"म्हनून तर लवकर जमंल."

स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकून मतदान झालं. तिघांची तक्रार समिती नेमली गेली, सर त्यातले एक. बाईंचा नळ सुरू झाला.

थोड्याच दिवसांत, समिती सगळ्यांसमोर बसलेली असताना, चेअरमन हसत हसत एक तक्रार घेऊन आले. सरांच्याच घरी नळाला चोरून मोटार लावली होती! सरांनी तक्रार दोनदा वाचली. मग खुर्चीवरून उठले, "घरची केस मला ऐकता यायची न्हाई" म्हणाले आणि सतरंजीवर बायकोशेजारी, आमच्या काकूंशेजारी, जाऊन बसले.

"मोटार मी बशिवली," काकू म्हणाल्या. "ह्यांना अमेरिकेतलं सगळं ठाऊक, मोरीतलं काय बी न्हाई."

सभा हसली. उरलेल्या दोघांनी मोटार काढायला लावली आणि नियमाप्रमाणे आठवडाभर नळ बंद केला. "सरांना सूट देऊ," चेअरमनच म्हणाले. सरांनी ती घेतली नाही.

सर आमच्या टाकीवरून बादल्या वाहू लागले. मी पाईप देऊ केला, तर नको म्हणाले. सूट नाकारली म्हणून काकूंनी अबोला धरलेला. एका सकाळी त्या दारातून तरातरा आल्या, "कंबर मोडंल तुमची" म्हणाल्या आणि एक बादली हिसकावून पुढे चालू लागल्या. त्यांच्यामागून हळूहळू चालणारे सर इतके खूश मी कधी पाहिले नव्हते.

पुढे लेकीनं दोघांना पुण्याला नेलं, पण मतदार यादीतली नावं त्यांनी इथंच ठेवली. दर निवडणुकीला एसटीनं यायचे, मत द्यायचे, माझ्याकडे चहा घेऊन परत जायचे.

गेल्या निवडणुकीला काकू एकट्याच आल्या. सर उन्हाळ्यात गेले होते. चहा पिता पिता मी सहज विचारलं, "सर कुणाला मत द्यायचे हो?"

"मला काय ठाऊक? त्यांनी कधी सांगितलं न्हाई." काकूंनी बशी खाली ठेवली. "वडलांनी सांगितलं शिक्का कुठं मारायचा. मग भावानं सांगितलं. ह्यांनी मातर सांगितलं बी न्हाई, आन कुनाला दिलं म्हनून एकदा बी इचारलं न्हाई."

त्यांनी बोटावरच्या शाईवरून अंगठा फिरवला.

"आज मत दिलं आन वाटलं, आपनच त्यांना सांगावं, कुनाला दिलं ते," त्या म्हणाल्या, आणि पदर सावरून एसटीसाठी उठल्या.