न पाहिलेला बिबट्या

बिबट्या पाहिल्याचं मी पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा तो मी पाहिलेलाच नव्हता. हे कबूल करायला मला बारा वर्षं लागली.

लातूरच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते. यजमानांचं कापडाचं दुकान आहे. मुलं शिकायला बाहेर गेल्यावर आम्ही दोघं हिमायतनगरकडून पैनगंगेच्या जंगलात पहिल्यांदा सफारीला गेलो. एका वळणावर पुढच्या जीपमधली माणसं एकदम उभी राहिली. आम्ही पोचेपर्यंत तिथं नुसतं हलणारं गवत उरलं होतं. पुढच्या जीपमधल्या एका बाईंचे डोळे पाण्यानं भरले होते. मला त्यांचा फार हेवा वाटला.

दोन दिवसांनी नववीच्या वर्गात सस्तन प्राण्यांचा धडा चालू होता. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "बाई, तुम्ही खरा बिबट्या पाहिलाय का?"

"पाहिलाय की," मी म्हणाले.

तोंडातून गेलं ते गेलं. सगळा वर्ग पुढं सरकून बसला. मग त्या गवतातून बिबट्या बाहेर आला, रस्त्याच्या मधोमध थांबला, त्यानं माझ्याकडं वळून पाहिलं. पुढच्या वर्षी त्याची शेपटी लांब झाली. त्याच्या पुढच्या वर्षी तो गुरगुरला. नवीन वर्ग आला की पोरी आधीच सांगून ठेवायच्या, बाईंना बिबट्याची गोष्ट सांगायला लावा. रेणापूरच्या एका शाळेनं तर मला खास बोलावून मुलांसमोर उभं केलं. तिथून परत येताना एसटीत मला स्वतःची इतकी लाज वाटली की माझा स्टॉप मागं गेलेलाही कळला नाही.

खोटं मागं घेता येत नव्हतं, म्हणून मी ते खरं करायला निघाले. दर वर्षी थंडी सरताना आम्ही त्याच जंगलात जायचो. यजमान पहाटे अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, इष्टलिंगाची पूजा आटोपून जीपमध्ये बसायचे. मांडीवर दशम्यांचा डबा आणि गळ्यात दुर्बीण. नीलगाई दिसल्या, मोर तर पोटभर दिसले, एकदा अस्वलाची पाठ दिसली. बिबट्याचे मात्र नुसते ठसे दिसायचे, तो नेहमी आमच्या आधी तासभर गेलेला असायचा. कधी वानरांनी वरून खकाखक ओरडून सांगावं, आम्ही जीप बंद करून अर्धा तास श्वास धरून बसावं, आणि झुडपातून रानडुकरं निघावीत.

यजमान एकदा म्हणाले, "अगं, एवढा कशाला जीव काढायलीस? दिसंल तवा दिसंल."

"तुम्हाला नाही कळायचं," मी म्हणाले.

यंदा फाटकाशी कागद दाखवत होतो, तेवढ्यात खाकी वर्दीतली एक तरुणी धावत आली आणि वाकून माझ्या पाया पडली. मी ओळखलं नाही. तिनं नाव सांगितलं, तेव्हा मागच्या बाकावरचा तो चेहरा आठवला. प्रश्न विचारणारी तीच. ती आता इथं वनरक्षक होती.

"बाई, तुमच्यामुळंच मी इथं आले. त्या दिवशीच ठरवलं होतं, आपण जंगलातच नोकरी करायची. घरचे नको म्हणत होते, तरी भरतीला गेले."

तिला पाणवठ्याकडं फेरी मारायची होती, म्हणून ती आमच्याच जीपमध्ये बसली. वाटभर ती ड्रायव्हरला सांगत होती, बाईंचा बिबट्या कसा थांबला, त्यानं कसं वळून बघितलं. ड्रायव्हर मान डोलवत होता, "हाव का? असा समोर थांबत न्हाई तो. लई नशीब पाह्यजे."

पाणवठ्यापासून थोडं अलीकडं, सागाच्या पानगळीत जीप उभी केली. इंजिन बंद झालं. वाळकी पानं एकेक करून पडत होती, त्यांचा आवाजसुद्धा मोठा वाटत होता. तिनं कुजबुजत विचारलं, "बाई, तुम्हाला दिसला तो नर होता का मादी? इतकी वर्षं मला विचारायचं होतं."

त्याचं उत्तर मी सहज बनवू शकले असते. पण ती माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होती, ती बघून माझ्यानं होईना.

"मी तो पाहिलाच नाही गं," मी म्हणाले. "नुसतं गवत हलताना पाहिलं. बाकी सगळं मी रचलं. तू त्यावर आयुष्य ठरवलंस, आणि मी खोटं बोलले होते."

तिनं हातातली काठी खाली ठेवली. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे. बघते तर तोंडावर हात दाबून ती हसत होती.

"बाई, मी इथं रुजू झाले तेव्हा आई रोज फोनवर विचारायची, दिसला का? पहिल्याच महिन्यात मी सांगून टाकलं, दिसला म्हणून. खरा दिसायला मला सव्वा वर्ष लागलं. अजून आईला सांगितलेलं नाही."

"पण माझ्यामुळं तू..."

"तुमच्या गोष्टीमुळं आले, बाई. राहिले ते मला इथं आवडतं म्हणून."

मागून यजमान शांतपणे म्हणाले, "मला पहिल्यापासून ठाऊक हाय. त्या दिवशी जीपमधी मी शेजारीच बसलो होतो की."

"मग बारा वर्षं बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू यायची बंद झाली असतीस. मला हितं बसायला लई बरं वाटतं."

मला हसू आलं आणि डोळ्यांतून पाणीही. छातीवर इतके दिवस कुणीतरी बसलं होतं आणि ते आत्ता उठून गेलं, असं झालं. मी माझी दुर्बीण काढून सीटवर ठेवली. यजमानांनी डबा उघडला, दशमीवर शेंगदाण्याची चटणी घातली, चौघांनी वाटून घेतली. बिबट्याची कुणाला आठवणही नव्हती.

अर्ध्या तासानं ड्रायव्हरनं नुसतं बोट वर केलं. पाणवठ्यापलीकडच्या झाडावर, आडव्या फांदीवर तो पडला होता. बहुधा आम्ही यायच्या आधीपासूनच. पाय दोन्ही बाजूंनी लोंबत होते. मला वाटला होता त्याहून बारीक होता, एका कानाचा तुकडा गेलेला. त्यानं जांभई दिली, पुढचा पंजा चाटला आणि मान फिरवून पुन्हा झोपला. आमच्याकडं एकदाही पाहिलं नाही.

"मादी आहे," वनरक्षक माझ्या कानाशी म्हणाली.

ऊन वर येईपर्यंत आम्ही बघत बसलो. घाई कुणालाच नव्हती. फाटकाशी तिचा निरोप घेताना मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. ती म्हणाली, "वर्गात आता काय सांगणार, बाई?"

"तुझी गोष्ट सांगेन," मी म्हणाले. "तू परवानगी दिलीस तर."

"द्या की सांगून. फक्त माझ्या आईच्या कानावर जाऊ देऊ नका."

परतीच्या वाटेवर हदगावला चहा प्यायचं ठरलं होतं. गाडीत बसल्या बसल्या मला झोप लागली, गाढ, लहानपणी लागायची तशी. यजमानांनी उठवलं तेव्हा नांदेड आलं होतं, आणि चहा ते एकटेच पिऊन बसले होते.