वाईच्या पायऱ्या आणि परत आलेला नारळ

नातसून मेई हाँगकाँगची. तिला सातवा लागला आणि तिची आई तिला न्यायला आली. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत आपलीच, तवा तोंड उघडायची सोय न्हाई. पण एवढ्या लांब गेलेली पोर लेकरू घेऊन माघारी येते का तिकडंच रमते, ही धाकधूक होतीच. म्हटलं, पुण्याच्या विमानतळाच्या वाटेवर वाई आहे. तिथं कृष्णेकाठी ओटी भरते, मग न्या.

आष्ट्याहून सकाळीच निघालो. गाडी नातवाची, टोल दोन जागी. साताऱ्यात कंदी पेढे घ्या, पण आधी चाखून, सगळेच काही ताजे देत नाहीत. विहीणबाई नको नको म्हणत तीन खाऊन गेल्या.

गाडीत मेईनं मला त्यांचे कामापुरते शब्द शिकवले. 'लोक लेय' म्हणजे खाली ये, 'लोक हॉइ' म्हणजे खाली जा, 'स्योंग लेय' म्हणजे वर ये. आपण कुठं उभं आहोत ते बघून बोलायचं, आपल्यासारखंच.

वाईला घाटावर शेवाळ होतं, रबरी चपला घालून जाऊ नका. मेईला वरच बसवली. मी काठी टेकत पाण्यापाशी गेले आणि हाक मारली, "लोक लेय, विहीणबाई." बाई चपला हातात घेऊन आल्या. नदीला हळदीकुंकू वाहिलं. चढताना मला धाप लागली, तर त्या पुढं जाऊन हात देत म्हणतात, "स्योंग लेय." जणू मीच पाहुणी.

वर मेईची ओटी भरली. तांदूळ, खण, नारळ. विहीणबाईंनी तिच्या पदरातला नारळ उचलला आणि हसत माझ्या हातात परत ठेवला. ओटीतलं कोण परत देतं? वाटलं, आता पोर काही माघारी येत न्हाई.

मेई म्हणाली, "आजी, आमच्यात दिलेलं सगळं ठेवून घेत नाहीत. थोडं परत देतात. येणंजाणं चालू राहतं."

"मग आधी सांगायला काय झालतं गं? हितंच आडवी झाले असते मी."

निघताना तिला आणखी एक शब्द विचारून घेतला. गाडीच्या खिडकीशी जाऊन विहीणबाईंनाच म्हटलं, "फान लेय." परत या. बाईंनी आधी स्वतःकडं बोट केलं, मग मेईकडं, मग तिच्या पोटाकडं.

ती पुण्याकडं गेली, मी एसटीनं घरी आले, साताऱ्याला गाडी बदलून. पंचाहत्तरीपुढं तिकीट लागत नाही, आधार कार्ड तेवढं जवळ ठेवा.

नारळ देवापुढं ठेवलाय. सून म्हणते वाळेल, चटणीला द्या. दिला न्हाई. लेकरू हितं आलं की बारशाला फोडायचा आहे. रोज कानाशी धरून हलवते, पाणी अजून वाजतंय.